मॅग्नेशियम, मँगनीज आणि धूळपाटी : हलक्या मिश्रधातूंच्या थररचनेविषयी

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागाकडे चार पृष्ठांचे एक सूचनापत्र मराठी तपासणीसाठी आले. ते एका कार्यशाळेतील नव्या यंत्राविषयीचे होते. धातूच्या भुकटीचे थरावर थर वितळवून यंत्राचे सुटे भाग तयार करणारे हे यंत्र, आणि त्यात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची भुकटी वापरावयाची होती. मूळ मजकूर इंग्रजी. भाषांतर बहुधा संगणकाकडून करून घेतलेले. व्याकरणाच्या किरकोळ चुका अपेक्षितच होत्या. परंतु पहिल्याच परिच्छेदात जी चूक आढळली ती किरकोळ नव्हती. जेथे 'मॅग्नेशियमची भुकटी' असावयास हवे होते तेथे सर्वत्र 'मँगनीजची भुकटी' असे छापले होते.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात ही चूक कदाचित हसून सोडून देता आली असती. आपल्याकडे ती तशी सोडता येत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि जुन्या भंडारा जिल्ह्यात व शेजारच्या बालाघाटात 'मँगनीज' हा शब्द प्रयोगशाळेतला नाही, घरातला आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी ह्या खाणींची नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. कोणाचे आजोबा तेथे टोपल्या वाहत होते, कोणाचा मामा १९६२ साली स्थापन झालेल्या सरकारी खाण-कंपनीत नोकरीस होता. मँगनीज म्हणजे काळा, जड, हात काळे करणारा दगड. तो जळत नाही, पाण्याने बिघडत नाही, पावसात महिनोन् महिने उघड्यावर पडून राहतो. तुमसरकडच्या एखाद्या तरुण कारागिराने 'मँगनीजच्या भुकटीपासून आगीचा धोका' हे वाक्य वाचले, तर ते कागदी घाबरटपणाचे लक्षण आहे असेच तो समजेल. आणि त्या भुकटीला खरोखरच आग लागली तर जवळची पाण्याची बादली उचलील. मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी टाकणे म्हणजे काय, हे पुढे येईलच.

हे सूचनापत्र दुरुस्त करण्यासाठी जे वाचावे लागले व पदार्थविज्ञान आणि रसायन ह्या विषयांच्या सहकाऱ्यांना जे विचारावे लागले, त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे. लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे; धातुशास्त्राचा अधिकार तो सांगत नाही. एवढे मात्र खरे, की आमच्या शास्त्रातही 'धातू' हाच शब्द मूलभूत आहे, आणि ह्या प्रकरणात दोन्ही अर्थांच्या धातूंची गाठ अनपेक्षितपणे पडते.

प्रथम नावांचा गोंधळ उलगडू. तो आजच्या संगणकाने निर्माण केलेला नाही. तो जुनाच आहे. ग्रीस देशाच्या थेसली भागात मॅग्नेशिया नावाचा प्रदेश आहे. तेथून आलेल्या, किंवा आल्याची समजूत असलेल्या, निरनिराळ्या खनिजांना युरोपातील जुने किमयागार त्याच नावाने ओळखीत. लोखंड ओढणारा दगड हाही त्याच कुळातला. पुढे 'पांढरा मॅग्नेशिया' व 'काळा मॅग्नेशिया' असा भेद पडला. पांढरा तो आजच्या मॅग्नेशियमचा कार्बोनेट. काळा तो काच स्वच्छ करण्यासाठी काचकारखानदार वापरीत ते मँगनीजचे खनिज. इटालियन लोकांच्या तोंडी 'मॅग्नेशिया'ची अक्षरे उलटसुलट होऊन 'मँगनीज' हे रूप तयार झाले. म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे दोन शब्द एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत. वस्तू मात्र सर्वस्वी भिन्न. १८०८ साली सर हम्फ्री डेव्ही ह्यांनी विजेच्या साहाय्याने पांढऱ्या मॅग्नेशियातील धातू वेगळा केला, तेव्हा त्यास 'मॅग्नियम' हे नाव दिले. 'मॅग्नेशियम' हा शब्द त्यांना सुचला नव्हता असे नाही. पण तो त्यापूर्वीच मँगनीज धातूसाठी वापरला गेला होता, आणि घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी तो टाळला. थोड्याच वर्षांत त्यांना रूढीपुढे मान तुकवावी लागली. ज्या घोटाळ्याची भीती डेव्हींना वाटली, तोच दोनशे वर्षांनी आमच्या टेबलावर येऊन पडला.

आपल्या भागाने ह्या मँगनीजच्या शब्दकोशात स्वतःचीही भर घातली आहे. सर लुई फर्मर ह्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मँगनीजविषयक ग्रंथात येथील एका खडकास 'गोंडाइट' हे नाव दिले. ते गोंड लोकांवरून. स्पेसर्टाइट नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट व गारगोटी ह्यांचा तो खडक आहे, आणि आज जगातील भूशास्त्रज्ञ कोठल्याही खंडात तसला खडक आढळला की गोंडांचे नाव घेतात. तिरोडीवरूनही १९३८ साली एका खनिजाचे 'तिरोडाइट' असे नामकरण झाले होते. पुढे खनिजशास्त्रज्ञांनी नामव्यवस्था बदलली व ते नाव अधिकृत सूचीतून गेले. गंमत अशी की ह्या तिरोडाइटात मँगनीज व मॅग्नेशियम दोन्ही एकत्र नांदतात.

तसे ते मिश्रधातूतही नांदतात. मॅग्नेशियमला लोखंडाचा अंश मुळीच सोसत नाही; लाखात पाच भागांहून थोडेसे अधिक लोखंड राहिले तरी दमट हवेत तो भराभर कुजू लागतो. म्हणून वितळलेल्या रसात किंचित मँगनीज घालतात. ते लोखंडास धरून तळाशी नेते, व जे उरते त्याचा उपद्रव कमी करते. तेव्हा सूचनापत्रातील शब्द अगदीच परका होता असे म्हणवत नाही. हजारात एक-दोन भागांपुरता तो खरा होता!

आता ह्या धातूचे महत्त्व कशात आहे ते पाहू. एक लिटर आकारमानाचा पोलादाचा ठोकळा सुमारे ७.८ किलो भरतो, टायटॅनियमचा ४.५ किलो, ॲल्युमिनियमचा २.७ किलो, आणि मॅग्नेशियमचा केवळ १.७४ किलो. रचनेच्या कामात उपयोगी पडणाऱ्या नित्याच्या धातूंत ह्याहून हलका धातू नाही. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने दिवसभर उडताना आपण पाहतो. विमानात एक किलो वजन वाचणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. हेलिकॉप्टरांच्या दंतचक्रपेट्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतल्या जातात त्या ह्याच कारणाने. मात्र शुद्ध मॅग्नेशियम नरम असतो, म्हणून त्यात इतर धातू मिसळावे लागतात.

ह्या मिश्रधातूंच्या नावांची घडण भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. 'एझेड ९१' हे नाव घ्या. 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम, 'झेड' म्हणजे झिंक अर्थात जस्त. पुढचे आकडे अनुक्रमे त्यांचे शेकडा प्रमाण, नऊ व एक. 'डब्ल्यूई ४३' म्हणजे चार टक्के इट्रियम व तीन टक्के विरल मृदा-धातू. 'के' म्हणजे झिर्कोनियम, 'एम' म्हणजे मँगनीज. सर्वांत अधिक असलेला घटक जो मॅग्नेशियम, त्याचा नावात उच्चारच नाही. तो गृहीत आहे. संस्कृतातील अध्याहृत कर्त्यासारखा तो न दिसता सर्व वाक्य चालवतो. ह्या नावांतील आकड्यांकडे पुन्हा यावयाचे आहे, ते ध्यानात असू द्यावे.

यंत्राचा भाग तयार करण्याच्या जुन्या रीती आपल्या क्रियापदांत सुरक्षित आहेत. सुतार तासतो, पाथरवट कोरतो, कातारी कातावर धरून कातून काढतो. ह्या सर्वांत वस्तूपेक्षा मोठा तुकडा घेऊन नको तेवढा भाग काढून टाकावयाचा असतो. ओतारी ओततो, त्यास साचा लागतो. लोहार घडवतो, म्हणजे ठोकून आकार देतो. उष्णतेवाचून मॅग्नेशियम ठोकून फारसा वाकत नाही, कारण त्याच्या स्फटिकांची षट्कोनी मांडणी एकमेकांवर सहज सरकणारी नसते. त्यामुळे आजपर्यंत तो मुख्यतः ओतकामाच्याच वाटेने वापरला गेला. परंतु आतून पोकळ, जाळीदार, वळणावळणाच्या नळ्या असलेली वस्तू ओतण्यास साचा करणार कसा, आणि तो आतून बाहेर काढणार कसा? येथे ही नवी रीत उपयोगी पडते.

तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'भर घालीत जाणारी निर्मिती' असा होतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. मराठी नावाची निकड तेव्हापासून वाढली आहे. वृत्तपत्रे 'त्रिमितीय मुद्रण' लिहितात. हा शब्द मला पटत नाही. मुद्रणात एकाच ठशाच्या अनेक प्रती निघतात. येथे ठसाच नाही. हिंदीत 'योगात्मक विनिर्माण' हा प्रयोग चालतो. आमच्या विभागातील विद्यार्थी तो ऐकून चपापतील, कारण त्यांनी 'योगात्मक' हे विशेषण शिकले ते भाषांच्या वर्गीकरणात : ज्या भाषेत प्रकृतीला प्रत्ययावर प्रत्यय जोडले जातात ती योगात्मक. आणि उपमा खरोखर तंतोतंत लागू पडते. योगात्मक भाषांतही दोन प्रकार आपण मानतो : तुर्कीसारख्या अश्लिष्ट, जेथे जोड स्पष्ट दिसतो, आणि संस्कृतासारख्या श्लिष्ट, जेथे प्रकृती-प्रत्यय एकमेकांत वितळून जातात. धातूच्या भुकटीवर केवळ चिकट द्रव शिंपडून थर जोडणारी यंत्रे पहिल्या प्रकारची; लेसर किरणाने थर वितळवणारी दुसऱ्या प्रकारची, कारण तेथे प्रत्येक नवा थर वितळताना खालचे एकदोन थरही पुन्हा वितळतात आणि सांधा नाहीसा होतो. नाहीसा झाला नाही तर वस्तू सदोष ठरते.

तरीही मी 'थररचना' हा शब्द सुचवतो. आपल्याकडे 'रचणे' हे क्रियापद ह्याच क्रियेचे आहे. मडक्यांची उतरंड रचतात, कापणीनंतर बांधीत धानाचे पुंजणे रचतात; मातीच्या भिंतीचा एक रद्दा वाळला की त्यावर दुसरा चढवतात. कोठेही काढून टाकणे नाही, साचा नाही. एकावर एक ठेवीत जाणे आहे. भूशास्त्राच्या मंडळींचा 'स्तररचना' हा शब्द जवळपास सारखा आहे, ही अडचण मला मान्य आहे. पण त्यांचे थर रचण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. घोटाळा होण्याचा संभव थोडा.

यंत्राचे काम समजून घेण्यास आपल्याकडची एक जुनी वस्तू उपयोगी पडेल. कागद व दगडी पाटी सर्वत्र होण्यापूर्वी मुले फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत. तिला धूळपाटी म्हणत, आणि त्या अक्षरांना धुळाक्षरे. लिहून झाले की पाटी हलवावयाची, धूळ पुन्हा सारखी, नवे अक्षर. आता अशी कल्पना करा की बोटाऐवजी प्रकाशाचा तीव्र किरण आहे, आणि तो जेथे जेथे फिरतो तेथील धूळ वितळून एकजीव होते. न फिरलेल्या ठिकाणची तशीच सुटी राहते. एक अक्षर लिहून झाले की पाटी अगदी किंचित खाली जाते, तीवर धुळीचा नवा पातळ थर एका पात्याने सारखा पसरला जातो, आणि किरण दुसरे अक्षर लिहितो. ते पहिल्याच्या माथ्यावर चिकटते. अशी हजार अक्षरे लिहून झाल्यावर सुटी धूळ झाडून टाकली की आत वस्तू उभी असते. थराची जाडी सामान्यतः ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. तीन सेंटिमीटर उंचीची वस्तू ३० मायक्रॉनच्या थरांनी रचावयाची तर थर एक हजार. वस्तूचे चित्र संगणकात असते. तोच त्याचे आडवे काप पाडून किरणास दिशा देतो. इंग्रजी शब्दाचे 'चूर्णशय्या' असे अक्षरशः भाषांतर सूचनापत्रात होते. ते खोडून आम्ही 'धूळपाटी' लिहिले. त्यावर कार्यशाळेतील एक वयस्क कारागीर म्हणाला, "सर, हे आता कळलं."

पोलाद, टायटॅनियम, ॲल्युमिनियम ह्यांच्यासाठी ही रीत आज पुष्कळ रुळली आहे. मॅग्नेशियमच्या बाबतीत ती अवघड का, हा ह्या विषयाचा गाभा आहे. आणि येथे मला नागपूरची एक विसरलेली गोष्ट आठवते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मध्यप्रांताच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर ह्यांनी शास्त्रीय परिभाषा संस्कृतातून घडवण्याचे प्रचंड काम हाती घेतले होते. मूलद्रव्यांची नावेही त्यांनी सोडली नाहीत. धातुवाचक नावांसाठी 'धातू' शब्दाचा शेवट तोडून 'आतु' हा प्रत्यय तयार केला, आणि कॅल्शियमला चूर्णातु, पोटॅशियमला दहातु अशी नावे दिली. मॅग्नेशियमचे नाव होते भ्राजातु. ह्या नावांची पुढे यथेच्छ थट्टा झाली; ती टिकली नाहीत, आणि मूलद्रव्यांची नावे जगाबरोबर ठेवावीत ह्या मताचा मीही आहे. परंतु भ्राजातु हे नाव ज्याने योजले त्याने वस्तू पाहून योजले होते. 'भ्राज्' ह्या संस्कृत धातूचा अर्थ तळपणे, झळाळणे. मॅग्नेशियमची पट्टी पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकार काळोखात हाच प्रकाश वापरीत. 'मॅग्नेशियम' ह्या नावाने ग्रीसमधील एका प्रदेशापलीकडे काही कळत नाही. 'भ्राजातु' ह्या नावात ह्या धातूचा स्वभाव सांगितलेला आहे, आणि थररचनेतील जवळजवळ प्रत्येक अडचण त्या स्वभावातून उद्भवते.

पहिली गोष्ट भुकटीची. मॅग्नेशियमचा मोठा ठोकळा सहजासहजी पेटत नाही, कारण लागलेली उष्णता तो स्वतःच्या अंगात पसरवून टाकतो. पण एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे ४० मायक्रॉन बाजूचे घन केले तर एक कोटी छप्पन्न लक्षांहून अधिक कण होतात, आणि ६ चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग १,५०० चौरस सेंटिमीटर होतो. प्रत्येक कणाभोवती हवा, आणि उष्णता वाहून नेण्यास शेजारी कोणी नाही. लाकडाचा ओंडका व त्याचाच हवेत उडालेला भुसा ह्यांतील अंतर भातगिरण्यांच्या ह्या गावात कोणास समजावून सांगावयास नको. म्हणून यंत्राची पेटी आरगॉन वायूने भरतात. नायट्रोजन स्वस्त असला तरी चालत नाही. मॅग्नेशियम त्याच्याशीही संयोग पावतो.

दुसरी गोष्ट वाफेची, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हीच सर्वांत कठीण. लोखंड १,५३८ अंशांवर वितळते व सुमारे २,८६० अंशांवर उकळते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते व २,५०० अंशांच्या आसपास उकळते. मॅग्नेशियम वितळतो ६५० अंशांवर, आणि सुमारे १,०९० अंशांवर उकळूही लागतो. द्रवरूपाचे जे अंगण इतर धातूंना हजार-दीड हजार अंशांचे मिळते, ते ह्याला जेमतेम ४४० अंशांचे. लेसरच्या सूक्ष्म बिंदूखाली तापमान नेमके ह्या अरुंद अंगणात राखावयाचे. किरण थोडा मंद झाला तर कण पुरते वितळत नाहीत व मध्ये पोकळ्या राहतात. थोडा प्रखर झाला तर धातू उकळून वाफ होते, वितळलेल्या डबक्यातून थेंब उडतात, आणि पोकळ्या राहतात त्या वेगळ्याच कारणाने. शिवाय ही वाफ किरणाच्या वाटेतच धुरासारखी उभी राहते आणि त्याचा प्रकाश अडवते. ती वायूच्या प्रवाहाने सतत बाजूस सारावी लागते. थंड झाल्यावर तिची काजळीसारखी अतिसूक्ष्म भुकटी गाळण्यांत साठते, आणि ती मूळ भुकटीहून कितीतरी अधिक ज्वालाग्राही असते. यंत्र चालू असतानापेक्षा ते उघडून गाळणी साफ करताना अधिक जपावे लागते, ते ह्यामुळे. आलेल्या सूचनापत्रात नेमके हेच वाक्य तिसऱ्या पृष्ठाच्या तळाशी, बारीक टाइपात होते.

आता त्या आकड्यांकडे वळू. 'एझेड ९१' मधून मॅग्नेशियम वाफ होऊन जातो, ॲल्युमिनियम तेवढे जात नाही. तेव्हा तयार वस्तूत ॲल्युमिनियमचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर सरकते. जस्त तर ९०७ अंशांवरच उकळते, म्हणून जस्तप्रधान मिश्रधातूंतून जस्तच पळते. नावात जे प्रमाण लिहिले ते वस्तूत राहत नाही. शब्दार्थाचे परिवर्तन आपण शतकांच्या मापाने अभ्यासतो. येथे ते एका सेकंदाच्या सूक्ष्म अंशात घडते. म्हणून अनुभवी लोक भुकटी घेतानाच उडून जाणाऱ्या घटकाचा हिशेब धरतात, आणि तयार वस्तूचे पृथक्करण करून मगच तिला नाव देतात.

तिसरी अडचण प्रत्येक कणावरील ऑक्साइडच्या पापुद्र्याची. तो २,८०० अंशांपर्यंत वितळत नाही. वितळलेले दोन थेंब शेजारी आले तरी हा पापुद्रा त्यांना एक होऊ देत नाही. येथेही किरणाचा जोर व वेग जुळवून तो फोडावा लागतो.

इतके सारे असूनही काम होते. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात २०१० च्या सुमारास ह्या दिशेचे आरंभीचे प्रयोग झाले. पुढे जर्मनीत आखेन येथे 'डब्ल्यूई ४३' मिश्रधातूवर बारकाईचे काम झाले, आणि आज ९९ टक्क्यांहून अधिक भरीव वस्तू मिळवता येतात. वितळलेला बिंदू क्षणार्धात गोठत असल्यामुळे स्फटिककण फार लहान राहतात, आणि त्यामुळे थररचित वस्तू ओतीव वस्तूपेक्षा बहुधा अधिक बळकट निघते. लवचिकपणात मात्र ती पुष्कळदा कमी पडते. भुकटीऐवजी मिश्रधातूची तार विजेच्या ठिणगीने वितळवून थर चढवण्याचीही रीत आहे. तीत आगीचे भय बरेच कमी, वेग जास्त, पण कामात नाजूकपणा नाही. मोठ्या भागांस ती ठीक.

नाजूकपणा जेथे अपरिहार्य आहे ते क्षेत्र अस्थिशल्याचे. मोडलेल्या हाडास पोलादाची वा टायटॅनियमची पट्टी बसवतात, आणि हाड जुळल्यावर पुष्कळदा ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया होते. सालेकसा किंवा देवरीकडच्या रुग्णास ही दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे नागपूरची आणखी एक फेरी, बुडालेली मजुरी, आणि कित्येकदा ती टाळण्याचाच निर्णय. मॅग्नेशियम शरीरात हळूहळू विरघळतो; तो शरीराला परकाही नाही, प्रौढ माणसाच्या देहात तो सुमारे २५ ग्रॅम असतो व त्यातील अर्ध्याहून अधिक हाडांतच. हे जुन्या शल्यवैद्यांना सुचले नव्हते असे नाही. बेल्जियमचे लांबोत ह्यांनी १९०७ च्या सुमारास मोडलेल्या पायास मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टी मोडून पडली व कातडीखाली वायू साठला. पाण्याशी संयोग होताना मॅग्नेशियममधून हायड्रोजन निघतो, दर ग्रॅममागे जवळजवळ एक लिटर. आणि शेजारी पोलाद असल्यामुळे ही क्रिया कैक पटींनी वाढली. आज मिश्रधातू सुधारले आहेत. विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूंना २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. ते स्क्रू थररचनेचे नव्हेत. थररचनेने जे साधू पाहतात ते वेगळे : हाडासारखीच जाळीदार, आरपार छिद्रांची वस्तू, जिच्यात नवे हाड शिरत जाईल व जी त्याच वेळी विरत जाईल. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात 'डब्ल्यूई ४३'ची अशी जाळी शरीरद्रवासारख्या द्रावणात ठेवून पाहिली. चार आठवड्यांत तिचे सुमारे २० टक्के आकारमान विरघळले, आणि तरीही तिचा ताठपणा माणसाच्या स्पंजासारख्या हाडाच्या मर्यादेत राहिला. प्रयोगशाळेतील पात्र व माणसाचा पाय ह्यांत अंतर आहे. तेथून पुढचे काम अजून चालू आहे.

सूचनापत्राचे काय झाले, तेही सांगतो. 'मँगनीज' एकूण तेवीस ठिकाणी होता. तो सर्वत्र काढला. शिवाय पहिल्या पृष्ठावर एक वाक्य नव्याने घातले : 'हा खाणीतला मँगनीज नव्हे, हा पेटणारा धातू आहे.' ते मूळ इंग्रजीत नाही, कारण इंग्रजी लिहिणाऱ्यास तुमसर ठाऊक नव्हते.

आगीच्या प्रकरणात अधिक वेळ गेला. पेटलेला मॅग्नेशियम सुमारे ३,००० अंश उष्णतेने जळतो, पाण्यातील ऑक्सिजन ओढून घेतो व हायड्रोजन मोकळा करतो. म्हणजे पाणी टाकणारा आगीला नवे इंधन पुरवतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यानेही ती विझत नाही, त्या वायूतही हा धातू जळत राहतो. वाळूची बादली भरवशाची नाही. पावसाळ्यातली वाळू कोरडी असते कधी? धातूंच्या आगीसाठी खास कोरड्या क्षारांचे चूर्ण असते, ते हलक्या हाताने पसरून आग झाकावयाची. भाषांतरात हे सारे 'पाण्याव्यतिरिक्त योग्य शामकाचा वापर करण्यात यावा' एवढ्या एका कर्मणी वाक्यात गुंडाळले होते. कोणी करावा, कोणता शामक, काहीच कळत नव्हते. पुढे 'घ वर्गाचे अग्निशामक' असा उल्लेख होता. आपल्या शाळांत इंग्रजी चौथ्या अक्षरासाठी 'ड' लिहितात, सरकारी कागदांत कधी 'घ' लिहितात, आणि प्रत्यक्ष नळकांड्यावर रोमन 'डी' रंगवलेला असतो. धावपळीत माणूस नळकांडे पाहील, वर्णमाला नव्हे. म्हणून आम्ही 'ज्या नळकांड्यावर हे अक्षर आहे तेच' असे लिहून शेजारी ते अक्षर तसेच्या तसे मोठे काढून घेतले, आणि खाली चार आज्ञार्थी वाक्ये ठेवली : पाणी टाकू नका. फुंकू नका, झाडू नका. कोरडे क्षारचूर्ण हळू पसरा. दार लावून बाहेर या.

गाळणी साफ करण्याविषयीचे वाक्य तिसऱ्या पृष्ठावरून उचलून पहिल्या पृष्ठावर आणले आहे. कार्यशाळेच्या प्रमुखांनी एकच शंका काढली, की 'धूळपाटी' हा शब्द तपासणीस येणाऱ्या परप्रांतीय अधिकाऱ्यांना कळेल का. त्यांच्यासाठी इंग्रजी प्रत आहेच.